अभ्यासिकेतली पोपटी ओढणी

ज्या शहरानं भूकंप सोसला, ते शहर पुन्हा कशालाही भीत नाही.

हे वाक्य मी लातुरात इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे की वक्त्यानं पहिले दोन शब्द उच्चारले की मी चहाची वाट बघू लागतो. पतसंस्थेची वार्षिक सभा असो, पुतळ्याचं अनावरण असो नाहीतर एखाद्या क्लासचा गुणवंतांचा सत्कार, हे वाक्य येतंच. ते म्हणणारे बहुतेक जण भूकंपाच्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होते. मी इथंच होतो. आमची अख्खी गल्ली त्यानंतर वर्षभर मांजराला भीत होती.

किल्लारीकडची गावंच्या गावं झोपेत गेली. त्यापुढं आमच्या शहराचं नुकसान काहीच नव्हतं, भिंतींना तडे गेले एवढंच. पण आम्ही सगळे अंगणात झोपू लागलो. थंडी वाढली तसे लोक एकेक करून आत आले आणि आत येताना प्रत्येकानं उशाशी एक यंत्र मांडलं. पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर पालथा तांब्या, तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी. जमीन हलली की ही उतरंड कोसळणार, आवाज होणार आणि आपण पळणार. युक्ती कुणाची ते कळलं नाही, पण बघता बघता ती घरोघर पोचली. जमीन अधूनमधून हलायची. मांजरं रोज हलायची. एका घरातली वाटी पडली की सगळी गल्ली रस्त्यावर. कोपऱ्यावरचे वकीलसाहेब दर वेळी आपली सनद छातीशी धरून बाहेर येत आणि मग बायकोला आणायला परत जात.

शेजारी घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले चाचा राहायचे. ते मला म्हणाले होते, "सर, जलजला कब्बी-कब्बी आताय, बिल्ली रोज आतीय. अब बोलो, दुरुस्त किसकू करना?"

आमच्या घरातली उतरंड माझी धाकटी बहीण रचायची. ती तेव्हा दहावीत होती. झोपायच्या आधी ती वाटी पुन्हा पुन्हा नीट ठेवायची आणि हात थरथरत असल्यामुळं ती वाटी तिच्याच हातून पडायची. अभ्यासाला उंबऱ्यात बसायची, एक पाय घरात, एक अंगणात. न्हाणीचं दार लावून घ्यायची नाही. तिला काय होतंय याला तेव्हा आमच्याकडं शब्द नव्हता. "पोरगी घाबरट हाय," एवढंच म्हणायचे. शेवटी एक दिवस वडिलांनी तो तांब्या उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन पाण्यानं भरून ठेवला. "तांब्या पाणी प्यायला असतोय," म्हणाले. दोन दिवस ती रडली. मग झोपायला लागली. निदान मला तरी तसंच आठवतं.

पुढं तिचं लग्न झालं आणि ती नांदेडला गेली. आमचे दाजी मूळचे मुदखेडचे, नोकरी पाटबंधारे खात्याच्या नांदेडच्या कार्यालयात. माणूस सरळ, मायाळू आणि कामाला चोख. मी कॉलेजात मराठी शिकवायचो म्हणून ते मला 'सर' म्हणतात. त्यातला आदर किती आणि टोमणा किती, हे मी इतक्या वर्षांत तपासलेलं नाही.

दरम्यान लातूर बदललं. डाळ मिलच्या गोदामांवर मजले चढले आणि मजल्यांवर अभ्यासिका. चौकाचौकात डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचे एवढाले फ्लेक्स लागले की पूर्वी तिथं कुणाचे फोटो असायचे हे आठवेना. जून महिन्यात सगळ्या मराठवाड्यातून आईबाप गाद्या, बादल्या आणि मुलं घेऊन येऊ लागले. त्याच एका जूनमध्ये दाजी आणि बहीण माझ्या भाचीला घेऊन आले. दहावी झाली होती. डॉक्टर व्हायचं होतं. कुणाला, ते नक्की विचारलं गेलं नाही. मामाचं घर असताना होस्टेल कशाला, म्हणून ती आमच्याकडं राहिली.

भाची म्हणजे बोलण्याची गिरणी. क्लासहून आली की चप्पल काढायच्या आत तिची गोष्ट सुरू व्हायची. कोणती मुलगी कुणाशी बोलत नाही, भौतिकशास्त्राचे सर फळ्याशी बोलतात की भिंतीशी, रिक्षावाल्यानं काय गाणं लावलं होतं. हे सगळं माझ्या बायकोला सांगून झालं की तेच पुन्हा फोनवर नांदेडला. दाजी तिकडून नुसते "हाव, मग? मग काय झालं?" करत असायचे. कार्यालयात फारसं न बोलणारा हा माणूस मुलीच्या फोनवर खो खो हसतो, असं बहीण सांगायची.

मोबाईल निरपराध होता असं मला म्हणायचं नाही. तिच्या हातात तो सतत असे. जेवताना डाव्या हातात, केस विंचरताना आरशाला टेकवलेला. क्लासच्या मुलांचा ग्रुप होता आणि प्रत्येक चाचणीनंतर त्यात कुणी ना कुणी आपला नंबर टाकायचं. तो वाचला की तिचा घास तोंडातच राहायचा. एखाद्या मैत्रिणीनं निरोप वाचला आणि उत्तर दिलं नाही, तर तासभर ती स्क्रीनकडं बघत बसे, जणू दुसऱ्या टोकाला कुणाचं ऑपरेशन चाललं होतं. बायको म्हणाली, "बाई, ते दोन मिनिट खाली ठेव." तर म्हणाली, "मामी, खाली ठेवला की जास्तच भीती वाटते."

क्लासच्या संचालकांनाही ही गोष्ट दिसली होती. त्यांनी उपाय काढला आणि लातुरात कुठलाही उपाय समारंभाशिवाय निघत नाही. मंगल कार्यालय घेतलं. पाठीमागं फलक: 'मोबाईल समर्पण सोहळा'. प्रत्येक विद्यार्थ्यानं स्टेजवर यायचं, ताम्हनात ठेवलेल्या आपल्या मोबाईलला हळदकुंकू लावायचं आणि तो आईवडिलांच्या ओंजळीत द्यायचा. आईवडिलांनी डोक्यावर हात ठेवायचा. सनई वाजत होती, टेपवरची. संचालकांनी भूकंपाचं वाक्य म्हटलं आणि पुढं असं जोडलं की आजपासून हे शहर मोबाईललाही भिणार नाही. टाळ्या झाल्या. टाळ्या थोड्याच वाजल्या, कारण सगळ्या पालकांच्या हातात मोबाईल होते. ते समर्पणाचं चित्रीकरण करत होते.

भाचीनं मोबाईल दिला तेव्हा दाजींचे डोळे भरून आले. बदल्यात तिला बटणांचा फोन मिळाला. दाजी मला म्हणाले, "सर, जिवावरचं ओझं उतरलं बघा."

आणि खरं सांगायचं तर पहिला आठवडा फार चांगला गेला. पोरगी दोन्ही हातांनी जेवू लागली. बायकोकडून पुरणाच्या पोळ्या शिकली, म्हणजे कशा फाटतात ते शिकली. मी बहिणीला कळवलं की तुमचा सोहळा लागू पडला. समारंभांविषयीची माझी मतं मी तपासून घ्यायच्या बेतात होतो.

पण मोबाईल काही नष्ट झाला नव्हता. तो नांदेडला गेला होता. क्लासनं सोहळ्याच्या शेवटी पालकांना एक अॅप उतरवून दिलं होतं. त्यात हजेरी, चाचणीचे गुण, नंबर आणि अभ्यासिकेतल्या कॅमेऱ्याचं थेट चित्र. नांदेडच्या कार्यालयात बसून लातूरच्या अभ्यासिकेत बसलेली आपली पोरगी दिसत होती. दाजींचा यावर प्रथम विश्वासच बसेना. अडचण एकच होती. कॅमेरा मागच्या भिंतीवर, मुलींचा गणवेश एकसारखा आणि एसीच्या गारव्यामुळं सगळ्यांनी डोक्यावरून ओढण्या घेतलेल्या. नुसत्या पाठी. त्यातली आपली कोणती? दाजींनी पुढच्या रविवारी नांदेडहून एक ओढणी आणली. इतकी पोपटी की डोळे मिटले तरी दिसावी. म्हणाले, "बाळा, हीच घालत जा अभ्यासिकेत. म्हणजे पप्पाला लगेच वळखू येईल."

ती हसली होती. ओढणी डोक्यावर घेऊन "मिठू मिठू" करत घरभर फिरली होती.

मग फोन सुरू झाले. ती संध्याकाळी जेवायला बसली की बटणांचा फोन वाजे.

"बाळा, दुपारून उठून कुठं गेली होतीस?"

"पाणी प्यायला, पप्पा."

"लई येळ लागला गं पाण्याला."

दुसऱ्या दिवशी: "आज मान वर करून काय बघून राहिली होतीस? फळा तर तिकडं न्हाई." तिसऱ्या दिवशी: "डुलकी लागली होती काय गं? डोकं हललं." चाचणीचा नंबरही आता तिला पप्पाच सांगत, कारण तो त्यांच्याच हातात आधी यायचा. यात रागाचा सूर कधीच नव्हता. प्रत्येक फोनच्या शेवटी "जेवलीस ना माय?" असायचंच. पण तिच्या गोष्टी आटल्या. ज्यानं सगळं पाहिलेलंच आहे त्याला सांगायचं काय? "हो पप्पा", "न्हाई पप्पा", "बसते पप्पा". चप्पल काढता काढता सुरू होणारी आकाशवाणी आमच्याही घरात बंद पडली. फोन वाजला की तिच्या हातातला चमचा ताटावर वाजायचा. तो आवाज मी ओळखला. त्याच वयाच्या मुलीच्या हातून पडणाऱ्या वाटीचा आवाज मी ऐकलेला होता.

मी बहिणीला फोन केला. म्हटलं, "तुला तो तांब्या आठवतो का गं, भूकंपाचा?"

"आठवतो की."

"वडिलांनी तो उचलला तेव्हा तू बरी झालीस. दाजींना म्हणावं, अॅप बंद करा."

ती म्हणाली, "दादा, वडिलांनी तांब्या नेला, तर मी माझ्या कंपासपेटीवर पेन्सिली उभ्या करून ठेवत होते. वर्षभर. तुला कुणी सांगितलं मी बरी झाले म्हणून? ते काहीतरी उशाशी होतं म्हणून मी झोपले. यांनाही झोप लागू दे की."

मी मराठीचा अध्यापक. एका तांब्यावर सबंध सिद्धांत रचून बसलो होतो आणि तो तिनं पेन्सिलीनं पाडला. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. काढायला हवा होता असं आता वाटतं, पण आता वाटून काय.

हिवाळ्यातल्या एका दुपारी मला अहमदपूरला एका परिसंवादाला जायचं होतं. एसटी स्टँडवर उभा होतो, खिशातला फोन थरथरला. आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी फोटो टाकला होता, कॅमेऱ्याच्या चित्राचाच काढलेला. रांगेनं पाठमोऱ्या मुली, मधोमध पोपटी ओढणी, मान पुस्तकात. खाली लिहिलं होतं, 'माझ्या लेकीची तपश्चर्या.' एकामागून एक जोडलेले हात, अंगठे आणि फुलं पडू लागली. मुदखेडच्या काकांनी तर पणती टाकली. मीही अंगठा टाकणार, एवढ्यात समोर बघितलं. नांदेडच्या फलाटापुढच्या बाकावर माझी भाची शेंगा खात बसली होती.

मी जाऊन शेजारी बसलो. तिनं दचकून आधी माझ्या हातातल्या मोबाईलकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"मामा, सांगू नका."

"आधी हे सांग, ही कोण तपश्चर्या करतीय?"

तिनं फोटो पाहिला आणि कित्येक दिवसांनी हसली. "शिरूर अनंतपाळची हाय ती. माझी मैत्रीण. तिची जागा एसीच्या खाली, लई गार लागतं तिला. माझी जागा चांगली हाय. मग मी हजेरीच्या मशीनवर अंगठा लावते, ओढणी तिला देते आन् मागच्या जिन्यानं येते."

"आणि तिचे वडील? त्यांना ती जागेवर दिसत नाही?"

"त्यांच्याकडं साधा फोन हाय, मामा. तिला कुणीच बघत न्हाई." हे ती अशा आवाजात म्हणाली, जसं एखादी मुलगी श्रीमंत मैत्रिणीच्या गाडीविषयी बोलते.

"आणि तू इथं येऊन काय करतेस?"

"नांदेडची गाडी लागली की बघते."

"बसत नाहीस?"

"बसले तर घरी जाईन की." तिनं शेंगेची टरफलं मुठीत चुरली. "घरी पप्पा मोबाईल घेऊनच बसले असतील. आधी मी मोबाईलकडं बघायचे, मामा. आता तो माझ्याकडं बघतो. इथं बसलं ना, की कुणालाच म्हायती न्हाई मी कुठं हाय. तेवढा एक तास छातीत धडधड होत न्हाई."

माझी गाडी निघून गेली. परिसंवादाचं माझ्यावाचून काही अडलं नाही. मी कुणाला सांगणार नाही असं तिला कबूल केलं, पण तिनंच रविवारी घरी सांगायचं, असं ठरलं. रविवारी दोघं येणारच होती.

दाजी शुक्रवारीच आले. चांगली बातमी होती. साहेबांनी रजा दिली होती, बहिणीनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती आणि चार-पाच दिवस पोरीची मान एकदाही पुस्तकातून वर झाली नव्हती. "अशी बसून राहिली सर, मूर्तीसारखी," ते मला अभ्यासिकेच्या जिन्यात सांगत होते. मी दोनदा म्हणालो, "दाजी, जरा थांबा, एक बोलायचंय." पण आनंदात असलेला माणूस दोन-दोन पायऱ्या चढतो. मी वर पोचेपर्यंत ते रांगेतून पुढं गेले होते. पोपटी ओढणीच्या मागं उभे राहिले, धपाट्यांचा डबा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"बाळा."

ती मुलगी वळली. "कोन तुमी?"

दाजींनी हात उचलला नाही. मला वाटतं ते विसरले होते. ती बिचारी त्यांच्या हाताखालून वर बघत राहिली. मग म्हणाली, "काका, ती स्टँडवर हाय."

स्टँडपर्यंत आम्ही रिक्षानं गेलो. धपाट्यांचा डबा दाजींच्या मांडीवर होता. भाचीनं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि उठून उभी राहिली. तिच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. हात थरथरत होते. अभ्यासिकेच्या कॅमेऱ्यात हात दिसत नसत, त्यामुळं दाजींनी ते पहिल्यांदाच पाहिले. बराच वेळ त्यांनी तिच्या हातांकडंच पाहिलं. मग बाकावर बसले आणि म्हणाले, "जेवलीस का माय?"

ती म्हणाली, "हो पप्पा."

एवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. अॅपचा रोजचा निरोप होता: आपला पाल्य अभ्यासिकेत उपस्थित आहे.

अॅप त्याच बाकावर काढून टाकलं, तिच्यादेखत. ते कसं काढतात हे त्यांना माहीत नव्हतं, तिनंच काढून दिलं. धपाटे आम्ही तिथंच खाल्ले. मला वाटलं होतं, आता हळूहळू सगळं पूर्ववत होईल. डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या झाल्या, हातांची थरथर गेली. परीक्षा झाली, नंबर लागला नाही, त्याचं कुणी काही मनावर घेतलं नाही. निदान तसं दाखवलं. मोबाईल तिला परत मिळाला. ती पुण्याला शिकली, तिथंच नोकरीला लागली. आता बरी असते, हसते, आली की मामीला पोळ्या फाडून दाखवते.

फक्त फोन उचलत नाही. कुणाचाच नाही, पण पप्पांचा विशेष. नांदेडहून फोन जातो, पूर्ण वाजतो, थांबतो. मग थोड्या वेळानं तिचा निरोप येतो, 'बोला पप्पा'. दाजींना टाइप करता येत नाही. ते चष्मा लावून एका बोटानं 'जेवलीस का' लिहितात आणि तिकडून 'हो' येतं. रिक्षावाल्यानं काय गाणं लावलं होतं, हे त्यांना आता कळत नाही. मागच्या दिवाळीत ते मला म्हणाले, "सर, तिचा आवाज ऐकायचा असला तर ती घरी यावी लागती." आणि मग उगाच पाणी प्यायला उठून गेले.

त्या दिवाळीत बहिणीनं ग्रुपवरचा फोटो बदलायचं सुचवलं होतं. तपश्चर्येचा तो फोटो त्या वेळी दाजींनी ग्रुपला लावला होता, तो तसाच होता. दाजी म्हणाले, "राहू दे. ओढणी तर आपलीच हाय ना."

म्हणून तो अजून तिथंच आहे. नांदेड, मुदखेड, लातूर, पुणे, सगळीकडच्या नातेवाइकांना रोज सकाळी दिसतो. त्यातली मुलगी शिरूर अनंतपाळची आहे आणि नंबर तिचाही लागला नव्हता.